कुंची मागायला गेलो तेव्हा

माघारी आलेलं पार्सल उघडायचं असलं की अब्बा आधी हात धुऊन यायचे. नमाजच्या आधी धुतात तसे, पार कोपरापर्यंत. मग ओसरीवरच्या खुर्चीत बसून मोबाइल दोन्ही हातांनी धरायचे आणि म्हणायचे, “हं, कर चालू.” मी पार्सल मोबाइलपुढं धरून सगळ्या बाजूंनी फिरवायची, वरची पत्त्याची चिठ्ठी दाखवायची आणि मग कात्रीनं टेप कापायची. मधे थांबायचं नाही, पार्सल क्षणभरही नजरेआड जाऊ द्यायचं नाही, असा आम्ही ज्या ॲपवर माल विकायचो त्याचा नियम होता. आत आपला माल नसून दुसरंच काही निघालं, तर हा व्हिडिओ हाच काय तो पुरावा. उघडायला मला दोन्ही हात लागायचे, म्हणून मोबाइल अब्बांकडं.

अब्बांचे हात थरथरतात. आयुष्यभर सुई ओवलेले हात, पण म्हातारपणी हे दुखणं मागं लागलं आणि कात्री सुटली, मग मशीन सुटलं. चहाचा कपसुद्धा ते निम्माच भरून घेतात. मोबाइल धरायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. “एवढं तर माझ्याकडं राहू दे,” असं म्हणाले होते. ते त्यांच्याकडून काढून घेणं मला जमलं नाही. मोबाइल उभा करायचं एक स्टँड बाजारात मिळतं हे मला ठाऊक होतं. आणलंही होतं. ते कपाटावर तसंच पडून राहिलं.

आम्ही ईट गावचे. बाजाराच्या रस्त्याला अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. गावातल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या किती लेकरांच्या अंगावर पहिलं कापड अब्बांनी शिवलेलं चढलं असेल, सांगता येणार नाही. बारसं कुणाचंही असो, अंगडं, टोपडं, दुपटं आणि कुंची आमच्याच दुकानातून जायची. कुंची तर अब्बांचीच. डोक्यावरून पाठीवर सोडलेली, काठाला गोट, मागच्या टोकाला एक घुंगरू. खणाचं कापड लेकराच्या टाळूला टोचू नये म्हणून आतून मलमलचं अस्तर, आणि त्या अस्तराची शिवण बाहेरच्या बाजूला घेतलेली. रेडिमेडवाले तेवढं करत बसत नाहीत. पण रेडिमेड स्वस्त पडू लागलं आणि दुकानापुढची पायरी रिकामी राहू लागली.

त्याच सुमाराला मी सासर सोडून आले. आले म्हणजे आणून सोडली गेले. लग्नाला वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून नवरा मला ईदला माहेरी घेऊन आला आणि एकटाच परत गेला. मागून निरोप आला, नंतर कागद आला. अम्मी त्याआधीच गेलेली होती. म्हणजे घरात थरथरत्या हातांचे अब्बा आणि रिकाम्या हातांची मी. मग मी त्यांच्याकडून कुंची शिकले. ते बोटानं कापडावर रेघ दाखवायचे आणि मी कापायची.

भूमला बचत गटाच्या बायकांसाठी एक शिबिर झालं. तिथं शिकवायला आलेल्या बाईंनी माझ्या मोबाइलवर एका मोठ्या ॲपमध्ये आमचं दुकान उघडून दिलं. पहिली ऑर्डर नाशिककडची होती. अब्बांनी तिथला पत्ता मला परत परत वाचायला लावला. ईटच्या पलीकडं फारसे कधी न गेलेल्या माणसाची कुंची नाशिकला निघाली होती. पुढं ऑर्डरी वाढल्या, तेव्हा शेजारच्या काकू हाताशी आल्या. घुंगरू लावणं, मणी ओवणं, हातशिलाई त्यांच्याकडं. दुपारी त्या यायच्या, ओसरीवर बसून काम करायच्या आणि संध्याकाळी जाताना अब्बांना “येते भाईजान” म्हणायच्या.

चांगले दिवस होते म्हणायला हरकत नाही. पण पार्सलं हरवायला लागली आणि माणसं कळायला लागली.

एक पार्सल कितीतरी दिवस ‘वाटेत आहे’ असंच दाखवत राहिलं. गिऱ्हाईक रोज मला शिव्या घालत होतं, कारण बारसं होऊन गेलं. मी कुरिअरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, आमी गाडीत टाकलं, पुढं आमाला काय म्हाईत.” ॲपच्या मदतीच्या नंबरवर फोन केला की एक मुलगी गोड आवाजात हिंदीत सांगायची, तुमची अडचण मी समजू शकते. दर वेळी मुलगी वेगळी, वाक्य तेच. हरवलं ते हरवलंच, आणि विकणाऱ्यानं उशीर केला म्हणून आमच्या दुकानाचे ॲपवरचे तारे कमी झाले. दुसरं एक पार्सल पेट्रोल पंपावर सापडलं. त्यावर कुणीतरी वडापाव ठेवून खाल्लेला होता, तेल आतल्या खणापर्यंत गेलं होतं.

हरवलेल्याचं दुःख तरी करता येतं. माघारी यायचं त्याचं काय करायचं? ‘माल आवडला नाही’ म्हणून परत आलेल्या पिशवीतून एकदा फाटका टॉवेल निघाला. एकदा कुणाची जुनी बनियन. एकदा कुंची आमचीच होती, पण बारसं साजरं करून आली होती. गोटाला हळदीकुंकू, अस्तराला दुधाची ओकारी, घुंगरू तोडलेलं. लेकरानं वाजवून वाजवून तोडलं असेल म्हणून अब्बा हसले. मला हसू आलं नाही. गिऱ्हाइकाला पैसे त्याच दिवशी परत मिळाले होते.

फाटक्या टॉवेलाचा व्हिडिओ आम्ही पाठवला. उत्तर आलं, व्हिडिओ अस्पष्ट आहे, दावा नामंजूर. दुसऱ्या वेळीही तेच. अब्बांना मी सांगितलं, नेट खराब होतं म्हणून नीट गेला नाही. पुढच्या वेळी त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली, कोपरं मांडीवर रोवली आणि श्वास धरून बसले. व्हिडिओत माझे हात, पार्सल, ओसरीचा खांब सगळं बारीक हिंदकळत होतं, मालट्रकमधून रस्ता दिसावा तसं. नामंजूर.

अशातच सोनारीजवळच्या एका वस्तीवरून ऑर्डर आली. आमच्याच जिल्ह्यातली, म्हणून मला कौतुक वाटलं. पूर्ण बाळंतविडा मागवला होता, भारीतला. हिरव्या खणाची कुंची, जरीचा गोट, तसलंच अंगडं-टोपडं आणि दुपटं. नाव एका बाईचं. अब्बा म्हणाले, “भैरोबाच्या गावाकडचं हाय, चांगलं दे.” कापड कापताना ते शेजारी बसून राहिले. काकूंनी एका घुंगराऐवजी तीन लावली. मी पिशवीत आमच्या नंबरचं छोटं कार्ड टाकलं आणि एक जादा टोपडं, बाळाला म्हणून.

पार्सल पोचलं. आठवड्याच्या आत माघारी निघालं. कारण लिहिलं होतं, ‘चुकीची वस्तू मिळाली’.

अब्बांनी हात धुतले. मी टेप कापली. आत चादरीचा तुकडा होता, घडी घालून ठेवलेला, मधोमध जळालेला. इस्त्री विसरून राहिल्यावर पडतो तसा डाग. अब्बा व्हिडिओ चालू असतानाच म्हणाले, “ये क्या है? ये हमारा नही है.” आवाज मोठा होता, हात आणखीनच हलला. नामंजूर.

त्या संध्याकाळी अब्बांनी तो तुकडा खुंटीला अडकवला आणि त्याच्याकडं बघत बसले. म्हणाले, “दूरच्या माणसाचं सोड. हे तर इथलंच हाय. आपण जाऊन भेटू. तोंडानं बोललं तर माणूस ऐकतंय.”

मी नको म्हणाले. पत्ता आपल्याला पार्सलवर लिहायला मिळालेला असतो, घरी जायला नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण अब्बांच्या आयुष्यात गिऱ्हाइकाशी भांडण झालं तर ते दोघं समोरासमोर बसून मिटायचं. बाही आखूड झाली, तर गिऱ्हाईक दुकानात येऊन ओरडायचं, अब्बा उसवून परत शिवायचे, चहा व्हायचा. त्यांना दुसरी रीत माहीतच नव्हती. ते पांढरा पायजमा, इस्त्रीचा नेहरू शर्ट आणि टोपी घालून दारात उभे राहिले, तेव्हा मी डोक्यावर ओढणी घेतली आणि निघाले.

दोन गाड्या बदलून आणि पुढं थोडं पायी चालून आम्ही वस्तीवर पोचलो. ऊस उभा होता, रस्त्याच्या कडेला कालव्याचं पाणी. घर पक्कं, रंगवलेलं, पुढं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ट्रॅक्टर. म्हणजे गरजेपोटी केलेलं नव्हतं, एवढं दारातच कळलं. शेडखाली बाजेवर एक साठीची बाई बसली होती, मांडीवर बाळ. बाळाच्या डोक्यावर आमची कुंची.

दुरूनच ओळखली. हिरवा खण, मागं तीन घुंगरं. बाळ मान हलवत होतं आणि ती वाजत होती.

अब्बांनी हात कपाळाला लावला. “रामराम बाई. आमी ईटचे. तुमी ही कुंची मागवली ना, ती आमी शिवलेली.”

बाईनं आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. आतून एक तरणी मुलगी बाहेर आली, ओली बाळंतीण, कानाला रुमाल बांधलेला. तिनं मला बघितलं, माझ्या हातातली पार्सलची पिशवी बघितली आणि तिथंच भिंतीला टेकली. ती सून होती, आणि ऑर्डर तिच्याच नावावर होती हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

अब्बांनी पिशवीतून तो जळका तुकडा काढला. “हे आमाला माघारी आलंय. काईतरी अदलाबदल झाली असंल. कुंची तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, लेकराला लई शोभती. फक्त तेवढं ॲपवर चुकून झालं म्हणून कळवा. आमचं काम सुटतंय.”

ह्याहून मऊ बोलणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. सासू हसली.

“चुकून कशाचं? म्याच पाठवलं ते. समदी तसंच करतेत. तुमचं काय जातंय? कंपनी देती की पैसं.”

“कंपनी न्हाय देत बाई,” मी म्हणाले. “आमचे कापले जातात. कापड आमचं, शिलाई आमची. तुम्हाला परत मिळालं ते आमच्यातून गेलं.”

“मग कंपनीशी भांडा जाऊन. माझ्या दारात काय करताय?”

“तुम्ही वस्तू ठेवून घेतली आणि चिंधी पाठवली. त्याला काय म्हणतात?”

मला वाटतं, हे मी जरा मोठ्यानं बोलले. बाईचा चेहरा फिरला. ती माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, “लेकरं किती हायती तुला?”

मी म्हणाले, “नाहीत.”

तिनं लगेच पदर ओढून बाळाच्या तोंडावर घेतला. “व्हय का! म्हणूनच. म्हणूनच लेकराच्या टाळूकडं बघतीया मघापासनं.” मग सुनेला ओरडून, “अगं, मीठ-मोहरी आण की! उभी काय ऱ्हायलीस? वांझोट्या बाईची नजर लागली लेकराला.”

सून आत गेली नाही. भिंतीलाच चिकटून राहिली. पण ओरडणं ऐकून शेजारच्या शेतातली माणसं आली, बाईचा मुलगा ट्रॅक्टरमागून पुढं आला. “काय झालं? कोण हायती ही?” असं झालं. बाई सांगू लागली, आणि सांगता सांगता गोष्ट बदलत गेली. आम्ही दारात आलो, पैसे मागितले, लेकराकडं हात केला. कुणीतरी अब्बांच्या टोपीकडं बघून म्हणालं, “ह्यांचं धाडसच वाढलंय.” कुणीतरी मोबाइल काढला.

अब्बा मला म्हणाले, “चल बेटा.” आम्ही वळलो.

तेवढ्यात बाईनं बाळाच्या डोक्यावरची कुंची ओढून काढली. बाळ रडायला लागलं. “घे! घिऊन जा तुझी कुंची. मेलेल्या नजरंची वस्तू नगं आमाला.” आणि ती अंगणात फेकली. घुंगरं वाजली.

अब्बा थांबले. मी त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला. ते परत गेले आणि खाली वाकले. वाकताना त्यांना त्रास होतो, एक हात गुडघ्यावर ठेवावा लागतो. दुसऱ्या हातानं कुंची उचलायला गेले तर ती बोटांतून सुटली. पुन्हा उचलली, पुन्हा सुटली. माणसांतून कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा त्यांना ती धरता आली. माती झटकली, उन्हात धरून बघितली, नीट घडी घातली आणि बाजेवर त्या बाईच्या शेजारी ठेवून दिली.

“लेकराच्या अंगावरनं उतरवलेलं आमी नेत न्हाय,” म्हणाले. एवढंच. आणि निघाले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. मला वाटलं रडतील. ते म्हणाले, “अस्तर चांगलं बसलंय. लेकराला टोचत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या ग्रुपवर एक क्लिप आली. कुणी काढली, कुणी कापली, कळलं नाही. बाळ रडतंय तिथून सुरू होत होती आणि अब्बांनी कुंची उचलली तिथं संपत होती. बाजेवर ठेवली ते त्यात नव्हतंच. खाली लिहिलं होतं, लेकराच्या डोक्यावरचं कापड काढून नेणारी माणसं बघा. क्लिप स्वच्छ होती. अब्बांच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजता आल्या असत्या.

चार लोकांनी मला ती पाठवली. चौघांनीही खाली विचारलं, हे तुमचेच अब्बा ना?

दुपारी काकू आल्या. ओसरीवर बसल्या नाहीत. आपला मण्यांचा डबा आणि चष्मा उचलला. मी म्हटलं, “काकू, तुम्हाला तर माहीत आहे काय झालं ते. तुमच्यापुढंच पार्सल उघडलं होतं.”

“मला म्हाईत हाय गं,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या पोरीची सोयरीक चाललीया परांड्याकडं. लोक इचारतेत. तू समजून घे.” अब्बा खुर्चीतच होते. त्यांना त्या “येते” म्हणाल्या नाहीत. उंबऱ्याशी घुटमळल्या, मग वहाणा हातात घेऊनच बाहेर पडल्या आणि रस्त्यावर जाऊन घातल्या.

माझा भाऊ पुण्याला नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याला क्लिप दाखवली म्हणे. त्यानं फोन केला आणि अब्बांना काही न विचारता मला झाडलं. “तुला किती वेळा सांगितलं, हे धंदे आपल्याला झेपत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला घेऊन कुठं भीक मागायला गेलीस? मला इथं तोंड दाखवायचं असतं.” मी म्हटलं, अब्बांशी बोल. तो म्हणाला, नंतर बोलतो. बाजूला अब्बा हात पुढं करून बसले होते. मी फोन ठेवला तसा त्यांनी हात मांडीवर घेतला.

पाठोपाठ ॲपवर दुकान बंद झाल्याचा निरोप आला. गिऱ्हाइकाच्या पत्त्याचा गैरवापर, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्रास दिला, तक्रारीसोबत व्हिडिओ जोडलेला. निर्णय अंतिम. मी मदतीच्या नंबरवर फोन केला. गोड आवाजाच्या मुलीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती मधे बोलली नाही, शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, हिला पटलं. मग ती म्हणाली, तुमची अडचण मी समजू शकते, आणखी काही मदत हवी आहे का?

माझं दुकान गेलं, ते मी सोसलं. अब्बांचं गाव गेलं, ते त्यांना सोसलं नाही. ते रोज सकाळी चौकातल्या हॉटेलात अर्धा कप चहा घ्यायला जायचे. तिथं कुणीतरी विचारलं, “काय चाचा, कुंची आणली का?” सगळे हसले. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्यांनी विचारलं, त्यातल्या एकाच्या बारशाची कुंची अब्बांनीच शिवली होती. ते मला अब्बांनी घरी येऊन सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं नवल म्हणून. पुढं ते नाव पडलं. शाळेतून येणारी पोरं ओसरीपुढं आली की एखादं ओरडायचं, “कुंचीचाचा!” आणि सगळी पळायची. अब्बांनी चहा सोडला. नमाजला मागच्या बोळातून जाऊ लागले.

एकदा मी बाजारातून आले तर ते कपाटावरचं स्टँड खाली काढून हातात घेऊन बसले होते. ते कशाचं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

“कधी आणलं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“मग लावलं कायकू नही?”

मी बाजाराची पिशवी खाली ठेवली. ते स्टँडचे पाय उघडत होते, मिटत होते. “हे असतं तर व्हिडिओ मंजूर झाला असता,” म्हणाले. “मग जावंच लागलं नसतं.” मी म्हणाले, तसं काही नाही, ते कुणाचाच मंजूर करत नाहीत. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं दुकानात खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघायचे. रागानं नाही. कापड कुठं कमी भरलं हे कळल्यासारखं.

काही महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, दबका. “ताई, म्या सोनारीकडची. कुंची मागवली हुती.” तिनं पिशवीतलं कार्ड जपून ठेवलं होतं.

माहेरी आली होती, तिथून बोलत होती. म्हणाली, पैसे तिच्या आईनं दिले होते. बाळंतविडा माहेरचा असतो म्हणून आईनं शेळी विकली होती. परत मिळालेले पैसे नवऱ्यानं काढून घेतले, सासूनं सगळ्यांना सांगितलं, हिच्या माहेरचं काहीच आलं नाही, कुंचीसुद्धा आम्हीच घेतली.

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“बोलले असते तर लेकरू ठिवून घेऊन मला घालवलं असतं, ताई.”

बाईला घालवतात कसं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तेवढ्यात ती म्हणाली, “ताई, लेकरू आता उभं ऱ्हातंय. वाढदिसाला जरा मोठी कुंची शिवून द्याल का? तुमच्यासारखी कुठं मिळत न्हाय. पैसं सध्या न्हायती, मागनं देते.”

तिकडं बाळ काहीतरी आपटत होतं. तिच्या जागी मी असते तर मीही गप्प राहिले असते, हे मला कळत होतं. कळूनही माझ्या तोंडून निघालं, “ह्या नंबरला परत फोन करायचा नाही.” आणि मी तिचा नंबर ब्लॉक करून टाकला.

“कोण था?” अब्बांनी आतून विचारलं.

“राँग नंबर.”

आता मी बार्शीच्या एका व्यापाऱ्यासाठी शिवते. तो खण पाठवतो, मी कुंच्या शिवून देते, त्याच्या नावाची पट्टी आत लागते आणि त्याच ॲपवर तो विकतो. त्याला अस्तराच्या शिवणीचं काही पडलेलं नाही. शिवण आत घ्या, लवकर होतं, असं त्यानं सांगून बघितलं. मी अजून बाहेरच घेते. तेवढ्यासाठी तो मला हळू काम करणारी म्हणतो आणि मजुरी कमी देतो.

महिन्यातून एकदा त्याचं पोतं येतं. त्यात माघारी आलेला माल असतो, वापरून परत केलेला. ओकारी पडलेला, हळद लागलेला, कधी घुंगरू तुटलेला. धुवायचा, डाग काढायचे, घुंगरू बदलायचं, गोट पुन्हा मारायचा आणि नवी पट्टी लावून पाठवायचा. नवा म्हणून पुढच्या लेकराच्या डोक्यावर जातो. पहिल्यांदा पोतं आलं तेव्हा मी अब्बांपासून लपवून मागच्या अंगणात धुतलं. दोरीवर वाळत घातलेलं त्यांना दिसलंच. पहिल्याच कुंचीचं अस्तर त्यांनी बोटांत धरून चाचपलं आणि विचारलं, “किसका है?”

मी सांगितलं. मला वाटलं होतं, हे घरात चालणार नाही म्हणतील. दुकान चालत होतं तेव्हा सुई लागून रक्ताचा ठिपका पडलेलं अंगडंसुद्धा त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं.

त्यांनी दोरीवरची पुढची कुंची उलटून बघितली. मग म्हणाले, “गरम पानी से धोया ना?”

“हो.”

“साबण अच्छा निकाल. लेकराच्या अंगाला लागतंय.”

आता ती पोती आली की पाणी तेच तापवतात. पिळायला त्यांच्या हातात जोर नाही, म्हणून ते बादलीत कुंच्या नुसत्या खळबळत बसतात, आणि बाहेरून कुणी दार वाजवलं की बादलीवर टोपली झाकतात.